सूज पायाला, सुई पोटाला

झरी, सोमवार
(दैवशाला म्हणायली मंगळवार. दवाखान्यातून आल्यापासून माझे वार एकमेकात गुंतलेत, तवा तिचाच वार खरा धरावा.)

आदरणीय मल्हारदाजी,

चुडाव्याच्या दिशेनं तोंड करून तुमाला आणि आक्काला वाकून रामराम. तुमची तब्येत कशी हाय, आक्काची कशी हाय, मेंढरं कशी हायेत, सगळं विचारतो. इकडं आमी दोघं जिते हाव. दर पत्रात माणूस हे वाक्य रीत म्हणून लिहितो. मी यावेळी लय विचार करून लिहायलोय.

तुमी म्हणाल, या जमान्यात पत्र कशाला? तर तुमी माझा नंबर मोबाईलमधी बंद करून ठेवलाय. आक्कानं सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं, कारण दोन वर्षं झाली, तुमाला फोन लावला की एक बाई सांगती की तुमी दुसऱ्या कॉलवर हायात. एवढं बोलणारा माणूस आपल्या दोन्ही घरांत कोणीच न्हाई. रागाचं कारण तो एडका, ते मला कबूल हाय. मी मायेनं दिलेला एडका वर्षभर तुमच्या कळपात नुसता उभा राहिला, एका मेंढीकडं मान वळवून पाहिलं न्हाई, आणि तुमी चार माणसांत म्हणलात की एडका मेव्हण्यावर गेलाय, दिसायला तेवढा तगडा. दाजी, माझ्याकडं होता तवर तो असा नव्हता. (यातून माझ्यावर काय अर्थ निघतो ते मला म्हणायचं न्हाई. जागा बदलली की जनावराचं मन लागत न्हाई, एवढंच म्हणायचंय.) ते जाऊ द्या. मला सांगायचंय माझ्या पायाचं. कुठून सुरू करावं तेच कळंना गेलंय, कारण मला स्वतःला अजून अर्ध्याच्या वर कळालेलं न्हाई.

तीन आठवड्यांमागं मी बकऱ्या घेऊन हैदराबादला गेल्तो. टेम्पोच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर, त्याचा साडू आणि साडूचा साडू, म्हणून मी मागं बकऱ्यांत. जागा अशी की उजवा पाय एका पाटीवर आणि डाव्या पायावर एक बोकड बसलेला. त्याला दोनदा उठवला, तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मीच शरमलो. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याबी निघून गेल्या. पाणी पिलो न्हाई, कारण पाणी पिलं की उतरावं लागतं, आणि उतरतो म्हणलं की ड्रायव्हर तोंड वाकडं करायचा. येताना ट्रॅव्हल्सची शेवटची सीट मिळाली, तीबी पायाखाली कुणाचं तरी पोतं ठेवलेली. म्हणजे गुडघे हनुवटीला लावून गेलो आणि तसाच परत आलो. त्यावेळी मला वाटलं होतं की या फेरीत तकलीफ झाली ती बकऱ्यांना.

आल्यावर दोन दिवस काही न्हाई. तिसऱ्या दिवशी डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखाय लागलं. चौथ्या दिवशी सूज. पाय गरम, कातडी ताणल्यावानी, आणि रंग जरासा लालसर (माझ्या रंगाच्या माणसाचा पाय लाल झाला म्हणजे तुमी समजून घ्या). दैवशाला म्हणली, लचकलाय. मी म्हणलो, बोकडाचा भार. मग शेजारच्या धुरपताबाईला बोलावलं. धुरपताबाई म्हणजे अख्ख्या गावाची बाळंतिणी आणि लेकरं चोळणारी बाई. तिच्या हाताला यश हाय, एवढंच की ते लेकरांच्या पायांत हाय, हे आमाला ठावं नव्हतं. तिनं करडईचं तेल कोमट केलं आणि तीन दिवस माझी पोटरी अशी चोळली की मी आईच्या नावानं ओरडलो, आई जाऊन बारा वर्षं झालीत. सूज वाढली. धुरपताबाई म्हणली, बरोबर हाय, आतली सूज बाहेर निघायली. आणखी वाढली. तवा ती म्हणली, मला वाटतंय डावा सुजला न्हाई, उजवाच वाळलाय. यावर आमच्या अंगणात चांगला घंटाभर वाद झाला. आपला कोणता पाय खरा, हे मलाच सांगता येईना. शेवटी निकाल असा लागला की दोन्ही चोळावेत.

त्याच वेळी आमच्या गावची आशाताई सत्यशीला रजिस्टर घेऊन आली. तिशीच्या वरच्या सगळ्या माणसांची बीपी-शुगर लिहायचं काम तिच्याकडं हाय. तिनं विचारलं, बिडी ओढता का. मी म्हणलो न्हाई, दैवशाला म्हणली हौ. तिनं दैवशालेचं लिहिलं. मग तिची नजर माझ्या पायाकडं गेली आणि रजिस्टर तिनं बाजूला ठेवलं. पिशवीतून लेकरांचे दंड मोजायची पट्टी काढली, ती माझ्या पोटरीला अर्धीच पुरली. मग सुतळी मागितली. उजव्या पोटरीला गुंडाळून, जिथं टोक येऊन मिळालं तिथं खुणेची गाठ मारली, आणि तेच माप डाव्या पोटरीला लावलं तर टोक गाठीला मिळंना, तीन बोटं कमी. (तेवढ्यात भिंतीपलीकडून बघणाऱ्यांनी गावात सांगितलं, भुजंगला सत्यशीलानं दोरा बांधला. संध्याकाळपर्यंत दोन बाया दोरा बांधून घ्यायला तिच्या दारात.)

"मामा, एवढ्यात कुठं लांब गेलतात का, बसून?" तिनं विचारलं.

"हैदराबाद," मी म्हणलो. "बसून गेलो, बसूनच आलो."

"मग चोळणं आत्ताच्या आत्ता बंद. आजच परभणीला जायचं. ही रक्ताची गाठ असू शकती."

आता दाजी, गाठ म्हणल्यावर माणूस काय करतो? मी पोटरी चाचपली. गाठ लागंना. मांडी चाचपली, बगल चाचपली, कुठंच लागंना. मी तिला समजावून सांगितलं की बाई, गाठ न्हाई, नुसती सूज हाय, आणि परवा लोकर कातरायला माणसं यायलीत, ती झाली की बघू. धुरपताबाईबी म्हणली, एवढ्याशा सुजेला कोण परभणीला जातं?

सत्यशीला भांडली न्हाई. ओट्यावर बसली आणि तिच्या भावाचं सांगितलं, सिद्धोधनचं. मला नाव ठावं होतं, पण तो कशानं गेला ते ठावं नव्हतं. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, घरी आला. घरच्यांनी मायेनं त्याला खाटेवरून उतरू दिलं न्हाई. एक पाय सुजला. सगळे म्हणले, पडून पडून सुजलाय, हिंडला की उतरंल. पाचव्या दिवशी आंघोळीला म्हणून उठला आणि न्हाणीच्या दारात पडला. चौतीस वर्षांचा. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेल्ती, असं नंतर डॉक्टरनं सांगितलं.

"बिमारीला इलाज होता मामा," ती म्हणली. "आमी ओळखली न्हाई. त्यानंतर मी एक सुजलेला पाय सोडत न्हाई, शिव्या पडल्या तरी."

धुरपताबाईनं तेलाची वाटी उचलली आणि गुमान घरी गेली. दैवशालेनं तोवर पिशवी भरली होती. (पिशवीत तिनं काय भरलं म्हणाल, तर माझी दोन धोतरं, एक तांब्या आणि लोकर कातरायची कात्री. कात्री कशाला, हे तिलाबी अजून सांगता येत न्हाई.)

ॲपे रिक्षात पाय तिच्या मांडीवर लांब करून मी परभणीला गेलो. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, ईश्वरी नावाची, माझ्या भाचीपेक्षा, तुमच्या बबितापेक्षाबी लहान दिसायची. मला वाटलं, हिचे वडील आत असतील. पण तीच डॉक्टर. तिनं पाय बघितला, हैदराबादचं विचारलं, बोटाला एक चिमटा लावला आणि म्हणली, काका, दम लागतो का, छातीत दुखतं का? मी म्हणलो, छे. खरं म्हणजे कालपासून उजव्या कुशीत श्वास घेतला की टोचत होतं, पण पाय दाखवायला आलेल्या माणसानं छातीचं कशाला काढावं? एका केसपेपराला एकच दुखणं. पण दैवशाला माझ्या मागून म्हणली, "खोटं बोलायलेत. ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना मधी थांबायलेत."

त्या पोरीनं हातातलं पेन खाली ठेवलं. दाजी, माझ्यापुढं कितीतरी माणसं रागावलीत, ओरडलीत, पण कुणी नुसतं पेन खाली ठेवल्यावर मला एवढी भीती कधी वाटली न्हाई. मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी म्हणलो चालत जातो, तर ती म्हणली, आता एक पाऊलबी न्हाई. इतके दिवस मला सगळे हिंडा-फिरा म्हणत होते, आणि आता एक पाऊल न्हाई! कुणाचं ऐकावं?

पहिल्यांदा पायाची सोनोग्राफी. तिथं बाकड्यावर सगळ्या पोटुशा बाया, आणि मधी मी, मिशावाला. एका म्हातारीनं विचारलं, सुनंला आणलंय का? मी म्हणलो, न्हाई, माझीच हाय. ती सरकून बसली. भिंतीवर पाटी, इथं मुलगा की मुलगी सांगत न्हाईत. मी आत गेल्या गेल्या डॉक्टरला खुलासा केला की आपल्याला त्यातलं काहीच विचारायचं न्हाई, फक्त पायाचं सांगा. त्यानं थंडगार चिकट काहीतरी लावलं आणि जांघेपासून खाली यंत्र दाबत गेला. पडद्यावर मला नुसते ढग दिसायले. तो म्हणला, बघा काका, चांगली नस दाबली की चपटी होती. ही तुमची दाबून चपटी होत न्हाई, म्हणजे आत रक्त गोठून बसलंय, गुडघ्याच्या मागून वर मांडीपर्यंत. मी हौ हौ म्हणलो. मला काहीच दिसत नव्हतं, पण एवढा शिकलेला माणूस आपल्याच पायात बोट घालून दाखवायला, न्हाई कसं म्हणावं? तवा मला पहिल्यांदा कळलं की ही गाठ हाताला लागणारी न्हाईच. धुरपताबाई तीन दिवस तिलाच चोळत होती. चोळून चोळून ती तिनं सुटी केली असती तर? हे मी धुरपताबाईला अजून सांगितलं न्हाई. तुमीबी सांगू नका.

मग छातीचा फोटो, साधा न्हाई, पाव भाजायच्या भट्टीसारख्या यंत्रात आडवं घालून काढतात तो. आतून एक बाई हिंदीत बोलायची. (दाजी, माझ्या नशिबात अशाच बाया, दिसत न्हाईत आणि बोलतात.) ती म्हणली, सांस रोकिए. मी रोखला. पुढं ती सांस छोडिए म्हणली असंल, मला ऐकू आलं न्हाई. मी आपला इमानदारीत रोखूनच पडलो. डोळ्यांपुढं काळे-पांढरे ठिपके. मला वाटलं, झालं, सिद्धोधन गेला तिकडंच आपण निघालो. आणि खरं सांगतो, त्यावेळी देव आठवला न्हाई. तुमी आठवलात. लग्नानंतर आक्काला न्यायला पहिल्यांदा आल्तात, तवा मला खांद्यावर घेऊन ओढ्यापलीकडं नेलं होतं, ते. मी मनात म्हणलो, दोन वर्षं या माणसाशी बोललो न्हाई, आणि कशावरून, तर एका बकऱ्यावरून. (एडका म्हणायचं होतं. पण मरणाऱ्या माणसाला तेवढी चूक माफ.) तेवढ्यात आतला माणूस पळत आला आणि ओरडला, "काका, श्वास सोडा की!"

निकाल असा निघाला की गाठीचा एक बारीक तुकडा सुटून फुप्फुसाच्या एका फांदीत जाऊन बसलाय. बारीकच. डॉ. ईश्वरी म्हणली, वेळेवर आलात, आता इलाज सोपा हाय. मी म्हणलो, आणि परवा लोकर कातरून आलो असतो तर? ती म्हणली, ते मला सांगता आलं नसतं काका, आणि तुमालाबी न्हाई. हे तिनं हसून सांगितलं, पण दैवशाला तिथंच खाली बसली. घरात साप निघाला तरी न बसणारी बाई. मी तिला उठवाय गेलो, तर मलाच उठायची मनाई.

इलाजाचं तर लयच उलटं. दुखणं पायात, तुकडा छातीत, आणि सुई पोटात! सकाळी एक, संध्याकाळी एक, बेंबीच्या बाजूला. मी पहिल्या दिवशी नर्सबाईला तीनदा सांगितलं की बाई, पाय इकडं हाय. ती म्हणली, मला ठावं हाय, शर्ट वर करा. औषध कशाचं, तर रक्त पातळ करायचं. आता मला सांगा, लहानपणापासून आई म्हणायची, भुजंग्याचं रक्त पातळ हाय, त्याला कलेजी खाऊ घाला. चाळीस वर्षं कलेजी खाऊन जे घट्ट केलं ते आता सुया टोचून पातळ करायचं! डॉक्टरीणबाईनं समजावलं की ते वेगळं, हे वेगळं. या औषधानं गाठ वाढत न्हाई, नवी होत न्हाई, आणि जुनी गाठ आपलं अंगच हळूहळू विरघळवतं. मला पटलं. काय पटलं ते आता आठवत न्हाई.

पाच दिवस ठेवून घेतलं. आता घरी गोळ्या चालू हायेत, तीन महिने तरी, एकबी चुकवायची न्हाई. हिरड्यातून रक्त आलं, शौचाला काळं झालं तर पळत जायचं (म्हणजे रिक्षात बसून पळत), आणि दुकानातली दुखण्याची गोळी मनानं घ्यायची न्हाई. सूज निम्मी उतरलीय. पायऱ्या मी एका दमात चढतो, दैवशाला मागं उभी राहून बघती. लोकर कातरायची राहिली ती राहिलीच, मेंढरं उकाड्यानं माझ्याकडं बघून धापा टाकायलीत. आणि धुरपताबाई आता गावभर सांगत हिंडायली की एकच पाय सुजला, गरम झाला, तर चोळू नका, थेट मोठा दवाखाना गाठा; भुजंगच्या वेळी मीच पहिल्यांदा ओळखलं. सत्यशीला यावर भांडत न्हाई. ती म्हणती, कुणी का सांगंना, सांगायलेत ना.

तर असं हे सगळं. लिहिताना काही पुढचं मागं झालं असंल, ते तुमी तुमच्या हिशेबानं लावून घ्या. तुमच्याकडल्या थोरांच्या पाया पडतो, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतो.

तुमचा, फोनमधी बंद केलेला,
भुजंग

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. आक्कानं काल दैवशालेला फोनवर सांगितलं की तुमी गोठ्याच्या पत्र्यावरून पडलात, महिनाभर पायाला प्लास्टर घालून खाटेवर होतात, आणि परवा प्लास्टर काढलं तर पोटरी सुजलेली निघाली, दुखायलीबी, आणि आक्का दोन्ही टाइम तेल चोळायली. दैवशालेनं तिला सांगितलं, चोळू नका, दवाखान्यात न्या. आक्कानं तुमाला सांगितलं, तर तुमी म्हणलात की त्या घरचा शहाणपणा इथं सांगू नको, वात हाय. दाजी, वात असंल तर लय चांगलं. पण ते तुमी न्हाई ठरवायचं, मी न्हाई ठरवायचं, ते सोनोग्राफीवाला ठरवंल. मीबी बोकडाचा भारच म्हणत होतो. परभणीचा हट्ट नको, तुमाला नांदेड जवळ पडतंय. आजच जा. रागावून जा, पण जा. एडक्याचं मी मान्य करतो. तो आधीपासूनच तसा होता.

दुसरी ता. क. : हे पत्र घेऊन आमच्या गावचा चंद्रभान आलाय, तो जीप घेऊन आलाय. त्याला सांगितलंय की दाजी बसल्याशिवाय चुडाव्यातून हलायचं न्हाई, जेवायला दिलं तरी न्हाई. तो ऐकणारा माणूस हाय.

दाजी, मी दैवशाला लिहायली. हे येडं माणूस सकाळपासून पत्र लिहायलंय, आणि खरं काम शेवटच्या पानावर. मी विचारलं, तर म्हणले, मागणं शेवटीच लिहायचं असतं. म्हणून हे शेवटचं पान मी घडी घालताना सगळ्यात वर ठेवलंय. तुमी हेच पहिलं वाचायलात. आता उठा, पण पायावर जोर देऊ नका, आक्काचा आणि चंद्रभानचा खांदा धरा, जीपमधी पाय लांब करून बसा. दम लागत असंल तर डॉक्टरला खोटं सांगू नका. बाकीची पानं तिथं नंबर लागेस्तोवर वाचा. न्हाई वाचली तरी चालतंय.